उजेडाकडे तोंड करून: इंदूरचा शरद टिपतानाच्या नोंदी

काम असं आहे. आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाची दिवाळी पहाट २० ऑक्टोबर २०२५ला, नरक चतुर्दशीच्या सकाळी. त्या दिवशी सभागृहाच्या एका लांब भिंतीवर इंदूर आणि आसपासच्या शरद ऋतूची छायाचित्रं लावायची. १२ बाय १८ इंची पंधरा प्रिंट. मंडळाकडून ५,००० रुपये मिळणार, वरचा खर्च माझा. हातात घटस्थापनेपासून जेमतेम चार आठवडे. जुना डीएसएलआर, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स, एक दूरचं जवळ आणणारी ५५-२५०, एक साधा ट्रायपॉड. सोबतीला कॉलेजात शिकणारा भाचा.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतोय.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

जागा हेरायला बाहेर पडलो. शरद म्हटलं की लाल-पिवळ्या पानांची चित्रं डोळ्यांसमोर येतात, पण ती थंड मुलखातली. माळव्यात आत्ता झाडं पावसाळ्याइतकीच हिरवी आहेत आणि खरी पानगळ जानेवारीनंतरची. मग टिपायचं काय? बायपासच्या पलीकडे नाल्याच्या काठानं हिंडताना दिसलं ते असं: कास फुलायला लागलंय, कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे सोयाबीनच्या बांधांवर उभे आहेत, सोयाबीन पिवळं पडतंय, डबक्यांवर चतुर घिरट्या घालताहेत. यातलं प्रत्येक पातळ, झिरझिरीत. उजेड आरपार जाईल असं. तिथेच ठरवलं, सगळी चित्रं सूर्याकडे तोंड करून काढायची. पाठीमागून उजेड आलेली पंधरा चित्रं एका भिंतीवर लागली तर त्यांना आपोआप एक सूर राहील.

पहिली अडचण घरी येऊन फाइली उघडल्यावर कळली. सगळ्या फोटोंवर दुधी पडदा. सूर्य पाठीशी ठेवून काढलेले ठीक, सूर्यासमोरचे सगळे धुवट. ५५-२५०मधून बल्बकडे पाहिलं तर आतल्या काचेवर बुरशीचे बारीक तंतू. पावसाळाभर लेन्स कापडी बॅगेत, कपाटात होती. साध्या उजेडात अशी बुरशी वर्षभर लक्षात येत नाही. समोरून ऊन आलं की ते त्या तंतूंवर पसरतं आणि काळ्या रंगाचा राखाडी होतो.

२५ सप्टेंबर

लेन्स साफ होऊन आली. १,६०० रुपये आणि चार दिवस. दुरुस्ती करणाऱ्यानं सांगितलं की बुरशी काचेच्या लेपापर्यंत पोहोचली नव्हती म्हणून वाचली, लेप खाल्ला गेला की डाग राहतात. आता दोन्ही लेन्स हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या दाण्यांची घेतली. ते गुलाबी झाले की ओल धरली असं समजायचं आणि तव्यावर मंद आचेवर तापवून परत निळे करायचे.

लेन्सच्या पुढे लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टरही काढून टाकला. सूर्यासमोर तो हिरवे ठिपके उमटवत होता.

२६ सप्टेंबर

रात्री पाऊस पडून गेलेला. पहाटे नाल्यावर गेलो तर कासाचे सगळे तुरे भिजून, वाती वळायला घेतलेल्या ओल्या कापसासारखे चिकटलेले. एकही फोटो कामाचा नाही. कासाला पावसानंतर निदान एक कडक ऊन लागतं, तेव्हा तुरा पुन्हा सुटा होतो.

परत येताना भाचा म्हणाला, "मामा, आलोच आहोत तर कुर्डू काढू." त्याचं ऐकलं. कुर्डूचं कणीस ओलं असलं तरी आकार सोडत नाही. वरचं टोक गुलाबी, खाली उतरत रुपेरी, आणि सूर्य मागे असला की कडेच्या कुसांवर उजेडाची रेघ. पंधरांतलं पहिलं चित्र हे मिळालं.

२८ सप्टेंबर, रविवार

कास जमलं. कसं ते नीट लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ यात गेला.

सूर्योदय ६:१८च्या सुमारास. आम्ही सहाला जागेवर. पहिल्या अर्ध्या तासातले फोटो सगळे वाया गेले, कारण तुऱ्यांच्या मागे आकाश होतं. पांढरं आकाश, त्यावर पांढरा तुरा, दिसणार काय? कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर आकाश सांभाळायला गेला की तुरा काळा पडतो आणि तुरा सांभाळायला गेलं की आकाश जळतं. मग काठाच्या खालच्या अंगाला उतरलो. तिथून तुऱ्यांच्या मागे बाभळींची सावलीतली रांग येत होती. पार्श्वभूमी काळीशार आणि तुरे एकदम पेटल्यासारखे उजळले. जागा तीच, वेळ तीच, फरक फक्त चार पावलं खाली उतरण्याचा.

काळी पार्श्वभूमी आली की मीटर उलट बाजूला चुकतो. चौकटीत काळं जास्त म्हणून तो सगळंच उजळवतो आणि तुऱ्यांतले धागे पांढऱ्या डागात विरघळतात. एक्स्पोजर एक स्टॉपनं खाली आणलं, म्हणजे उजेड निम्मा केला, तेव्हा धागा न् धागा दिसला. शेवटी ठरलेलं गणित: लेन्स २०० मिलिमीटरला, उजेड आत घेणारं छिद्र (ऍपर्चर) एफ ५.६, शटर १/६४० सेकंद, संवेदनशीलता आयएसओ २००. शटर १/२५०वर ठेवून पाहिलं होतं, पण वारा नाही असं वाटतानाही तुरा हलत असतो आणि टोकं पुसट येतात.

सूर्य चौकटीत नको. तो चौकटीच्या बाहेर, वरच्या कोपऱ्याच्या जरा पलीकडे ठेवायचा, आणि त्याचे किरण थेट काचेवर पडू नयेत म्हणून भाच्यानं वही धरून लेन्सवर सावली केली. लेन्सच्या पुढे लावायच्या हूडपेक्षा वही बरी, हवी तशी फिरवता येते. पोरगं तासभर हात वर करून उभं होतं. मध्येच म्हणालं, "मामा, सूर्य थेट डोळ्यांत येतोय, जरा तिकडं फिरू का?" मी नको म्हटलं, फिरलं की सगळा खेळ संपला.

पावणेआठनंतर ऊन पांढरं झालं आणि वारा सुटला. शरदातला कामाचा उजेड सकाळी एवढाच. संध्याकाळचा तितकाच असायला हवा, पण सोयाबीनची कापणी आणि मळणी चालू असल्यानं साडेपाचनंतर हवेत भुसा आणि धूळ असते. सकाळच धरायची.

३ ऑक्टोबर

काल दसरा, काम बंद.

आज कापणी झालेल्या शेताच्या तारेच्या कुंपणावर कोळ्यांची जाळी, दंवासह. दंव कुठल्या पहाटे पडेल याचा अंदाज आता येतो: आदल्या रात्री आकाश निरभ्र हवं, वारा अजिबात नको आणि जमिनीत पावसाची ओल शिल्लक हवी. ढग असले की जमिनीची उष्णता वर निसटत नाही, पानं पुरेशी गार होत नाहीत. वारा असला तर गार झालेली हवा टिकत नाही. तिन्ही जुळून येणाऱ्या पहाटा आपल्याकडे याच काळात जास्त.

जाळं सुंदर, फोटो सगळे निकामी. ऑटोफोकस जाळ्यातून आरपार जाऊन मागचं झाड धरतो. हातानं फोकस केला तर ५५-२५० इतक्या जवळ जाऊच शकत नाही, चौकटीत जाळं लहान येतं. मॅक्रो लेन्स आपल्याकडे नाही. येताना बाजारातून एक्स्टेंशन ट्यूब घेतली, ३५० रुपये. ट्यूब म्हणजे काच नसलेली नुसती नळी. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात अंतर वाढलं की लेन्स जवळचं टिपू लागते.

पाणी फवारून दंव करायची युक्ती एकानं सुचवली. ती करणार नाही. कोळी खपून जाळं विणतो, आपल्या चित्रापायी त्याचं सकाळचं खाणं का बुडवायचं? थांबलो तर खरं दंव मिळतंच.

५ ऑक्टोबर, रविवार

गुलावट. इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, यशवंत सागर धरणाच्या मागच्या पाण्यात पसरलेली कमळं. निघायला उशीर झाला, पोहोचलो नऊला. रस्त्याकडेला गाड्यांची रांग, लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेली जोडपी, ड्रोनचा आवाज. त्यातही काढत राहिलो, पण सूर्य वर चढलेला आणि बांधावरून खाली पाहत काढलेलं कमळ चपटं दिसतं. पाकळ्या, पानं, पाणी सगळं एका पातळीत. अकराच्या पुढे फुलं मिटू लागली. चहाची टपरी चालवणारा म्हणाला, "ग्यारा बजे बाद कुछ नी मिलेगा भिया, सुब्बे अंधेरे में आओ." कमळ तीन-चार दिवस फुलतं, सकाळी उघडतं, दुपारकडे मिटतं आणि शेवटी पाकळ्या गळतात. याचा अर्थ पूर्ण उमललेलं ताजं फूल आणि तिरपा उजेड हे दोन्ही एकत्र फक्त सूर्योदयानंतरच्या तासाभरातच.

आजचा दिवस गेला, पेट्रोल गेलं. उतरायची जागा मात्र हेरून ठेवली: पूर्वेकडे तोंड, पाणी हाताच्या अंतरावर, मागे काठाची सावली.

६ ऑक्टोबर, कोजागरी

चंद्र आणि पाणी असं एक चित्र हवंच होतं. मंडळाचं मसाला दूध आठ वाजता, त्याआधी उरकू म्हणून सातला तळ्यावर पोहोचलो. चंद्र केव्हाच वर आलेला, खाली मिट्ट काळोख. चंद्राला नीट धरलं तर काठ, झाडं, पाणी सगळं काळं. काठ धरला तर चंद्राच्या जागी पांढरी टिकली. दोन फोटो जोडून एक करता येतो, पण या भिंतीवर जोडलेलं चित्र लावायचं नाही हे आधीच ठरवलं होतं.

रात्री दूध आटवताना काका पंचांग घेऊन बसले होते. त्यांना अडचण सांगितली. ते म्हणाले, "अरे, कोजागरी म्हणजे मध्यरात्री पौर्णिमा असणारी रात्र. पौर्णिमा संपते त्या क्षणी चंद्र पूर्ण. तो क्षण मध्यरात्रीनंतरचा, म्हणजे आज संध्याकाळी चंद्र पूर्ण व्हायला थोडा बाकी होता. असा चंद्र सूर्य मावळायच्या आधीच उगवतो. तू पावणेसहाला जायला हवं होतंस." मी विचारलं, "मग उद्या?" "उद्या तो अंधार पडायच्या बेतात उगवेल, तुझं काम होणार नाही. पण उद्या पहाटे तो मावळेल तेव्हा सूर्य उगवत असेल. जा पहाटे."

एवढं सोपं गणित घरातल्या पंचांगात होतं.

७ ऑक्टोबर

पहाटे पाचला निघून पुन्हा गुलावटच्याच बाजूला, पण यावेळी पश्चिमेकडे पाणी येईल अशा काठावर. पावणेसहापासून उजाडायला लागलं. सहाच्या सुमारास पश्चिमेच्या क्षितिजावर निळसर-करडा पट्टा आणि त्याच्या वर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. दोन पट्ट्यांच्या सीमेवर चंद्र. क्षितिजालगतच्या दाट हवेमुळे त्याचं तेज उतरलेलं, त्यामुळे चंद्र आणि पाणी दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसले: एफ ८, १/६०, आयएसओ ४००, ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर लावून. जेमतेम दहा मिनिटं मिळाली. सव्वासहाला चंद्र धुरकट होऊन विरला.

आणि पाठ वळवली तर सूर्य वर आलेला, कमळं उमललेली, माणूस नाही. तसाच हेरलेल्या जागी धावलो. प्लॅस्टिक अंथरून पोटावर झोपलो, कॅमेरा तांदूळ भरलेल्या पिशवीवर, लेन्स पाण्यापासून वीतभर उंच. पाकळीतून ऊन आरपार येत होतं. पाकळीच्या शिरा देठापासून टोकापर्यंत सरळ जाताना दिसत होत्या, टोकाला गुलाबी गडद, मुळाशी जवळजवळ पांढरी. आत केसरांत मधमाशी शिरली की तिची सावली पाकळीच्या बाहेरच्या बाजूनं दिसायची. तीन पाकळ्यांमधून सावली फिरताना पाहिली, चौथ्या पाकळीवर ती ठळक आली तेव्हा बटण दाबलं. या सगळ्या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं चित्र हे.

पानांवरचे थेंब काढायचा मोह झाला, काढलेही. पण सगळे एकसारखे. ठेवला एकच.

९ ऑक्टोबर

ट्यूब लावून पाहिली, चालली नाही. ३५०वाल्या ट्यूबमध्ये विजेचे संपर्क नाहीत, त्यामुळे कॅमेरा लेन्सचं ऍपर्चर बदलू शकत नाही, ते पूर्ण उघडंच राहतं. जाळ्याचा एक धागा स्पष्ट, बाकी सगळं धूसर. १,९०० रुपये देऊन संपर्कवाली घेतली. घ्यायची तर थेट हीच घ्या.

१० ऑक्टोबर

जाळं मिळालं. कॅमेऱ्याची मागची बाजू जाळ्याच्या पातळीशी समांतर ठेवायची, म्हणजे एफ ८ला मधल्या कोळ्यापासून कडेच्या धाग्यापर्यंत सगळं स्पष्ट येतं. जरा तिरपं झालं की अर्धं जाळं गेलं. फोकस हातानं, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, दहापट मोठं करून. मागे चार हातांवर भाच्यानं आजीची काळी शाल धरली. शाल कुंपणाला लागू द्यायची नाही, तार हलली की थेंब झडतात. सूर्य जाळ्याच्या उजव्या बाजूनं यायला लागला तसे थेंबांत रंग उमटले. आठच्या आत सगळं दंव उडून गेलं.

११ ऑक्टोबर

सिरपूर तलाव. पक्ष्यांसाठी १५०-६०० लेन्स भाड्यानं आणली, दिवसाचे १,२००. हे पैसे फुकट गेले, कारणं दोन.

पहिलं, दिवस चुकीचा. पाहुणी बदकं आत्ता कुठे यायला लागलीत. तलवार बदक, थापट्या यांचे मोठे थवे इथे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिसतात. दुसरं, ऑक्टोबरची उन्हं. नऊनंतर पाण्यावरची हवा तापून लहरू लागते आणि दूरचा पक्षी कितीही महागड्या लेन्समधून मऊच येतो. लेन्सला दोष देऊन उपयोग नाही, मधली हवाच हलते.

शेवटी माझीच ५५-२५० लावून काठाजवळ बसलो आणि जे घरचेच पक्षी आहेत ते टिपले. हळदीकुंकू बदकांची जोडी चमचमत्या पाण्यावर, नुसत्या आकृती. चोचीचं पिवळं टोक तेवढं उजेडात आलं. जांभळी पाणकोंबडी कमळाच्या पानांवरून चालताना, तिच्या लांब बोटांमधून ऊन येतं ते दिसलं. दोन चित्रं पक्की.

सिरपूरबद्दल एक लिहून ठेवतो. होळकरांच्या काळात पाण्यासाठी बांधलेलं हे तळं शहर वाढत गेलं तसं अतिक्रमणं, गाळ आणि सांडपाण्याच्या कचाट्यात सापडलं होतं. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर आणि यशवंत सागर, दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले आणि २०२५च्या जानेवारीत इंदूरला उदयपूरबरोबर रामसरचं पाणथळ शहर म्हणून मान्यता मिळाली, देशात पहिल्यांदा. आपण आज काठावर बसून आरामात पाणकोंबडी टिपतो, त्यामागे कुणीतरी हातात फावडं घेऊन आणि सरकारदरबारी खेटे घालून काढलेली वर्षं आहेत. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यानं निदान एवढं करावं: पक्षी उडावेत म्हणून दगड मारू नये, कुणी मारत असेल तर थांबवावं. आज एकाला थांबवलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

रालामंडल. डोंगरावर होळकरांचं शिकारघर आहे. १९८९ साली अभयारण्य झालं. वरून शहराचं दृश्य काढायचं होतं, पण खाली करड्या धुरकटाशिवाय काही नव्हतं. ते सोडून दिलं.

उतरताना सागाची पानं पाहिली. पावसाळ्याच्या शेवटी एक अळी सागाच्या पानाचा हिरवा गर खाऊन टाकते आणि शिरा तेवढ्या ठेवते. लांबून झाड करपलेलं दिसतं. पान हातात धरून सूर्याकडे केलं तर मुख्य शीर, तिच्या फांद्या, त्यांच्यामधल्या चौकोनांची बारीक वीण, आणि काही चौकोनांत अजून शाबूत असलेला हिरवा. अळी कडेपासून आत खात आली होती, ती कुठे थांबली तेही कळत होतं. पान झाडावरच ठेवून, फांदी वाकवून ट्यूब लावून काढलं.

१४ ऑक्टोबर

छपाई. पाच प्रिंट आधी काढून पाहिले, प्रत्येकी १८० रुपये, आणि पाचही टाकून द्यावे लागले. कासाची काळी पार्श्वभूमी चॉकलेटी आली, बदकांच्या आकृत्यांवर करडी पूड उधळल्यासारखी. मला वाटलं माझ्या पडद्याचा दोष. तो थोडा होताच, लॅपटॉपचा उजळपणा पूर्ण वर ठेवून मी चित्रं तयार केली होती. पण मुख्य कारण वेगळं निघालं. फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक फाइलवर मशीन स्वतःहून दुरुस्ती करतं: काळं दिसलं की उजळवतं. लग्नाच्या फोटोंना ते ठीक आहे. पाठीमागून उजेड असलेल्या चित्रात काळं हे मुद्दाम ठेवलेलं असतं.

१६ ऑक्टोबर

पडद्याचा उजळपणा निम्म्यावर आणला, सगळी चित्रं पुन्हा तपासली, एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रकारात जतन केली. आधी पंधराही चित्रांचे ४ बाय ६चे छोटे नमुने काढले, बारा-बारा रुपयांत. फाइलींच्या सोबत कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: "कोणतीही दुरुस्ती करू नये." काउंटरवरच्या मुलाला तोंडीही सांगितलं आणि तो मशीनवर बसेपर्यंत तिथेच थांबलो. नमुने सभागृहात नेऊन तिथल्याच दिव्याखाली पाहिले. दिवे पिवळे आहेत, घरी थंड वाटलेलं चंद्राचं चित्र तिथे बरोबर दिसलं. दोन चित्रं थोडी उजळवली, बाकी तशीच.

कागद मॅट. चकचकीत कागदावर समोरच्या खिडक्यांचं प्रतिबिंब पडतं आणि काळ्या भागात आपलाच चेहरा दिसतो. काचेची चौकट याच कारणानं नको, सनबोर्ड नावाच्या हलक्या, जाड फळीवर चिकटवून घेतले.

१९ ऑक्टोबर

टांगणी. वहिनी आणि मंडळातली मुलं मदतीला. मी चित्रं तारखेप्रमाणे लावली होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, उजेड सगळ्यांत एकाच बाजूनं येऊ दे ना. इथे डावीकडून, तिथे उजवीकडून, मान फिरते." खरंच होतं. डावीकडून उजेड असलेली भिंतीच्या डाव्या अर्ध्यात, उजवीकडून असलेली उजव्या अर्ध्यात, आणि मध्ये चंद्र. तासभर गेला, पण भिंत जुळली.

२० ऑक्टोबर

गाणी संपल्यावर लोक भिंतीकडे आले. सागाच्या पानापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले. हे माझ्या अंदाजाबाहेरचं होतं, मला वाटलं होतं चंद्र. "हे कुठलं?" या प्रश्नाला "रालामंडल" आणि "बायपासचा नाला" असं उत्तर दिलं की पटत नव्हतं. एका आजींना कुर्डूचं चित्र हवं होतं. लहानपणी कुर्डूची भाजी खाल्ली होती म्हणाल्या. त्यांना देऊन टाकलं.

२४ ऑक्टोबर

हिशोब. लेन्सची सफाई १,६००, दोन ट्यूब २,२५०, लेन्सभाडं १,२००, पेट्रोल २,३००, वाया गेलेले प्रिंट ९००, नमुने १८०, शेवटचे प्रिंट २,७००, सनबोर्ड १,६५०. एकूण १२,७८०. यातले २,४५० टाळता येण्यासारखे होते: स्वस्त ट्यूब, लेन्सभाडं आणि पहिले पाच प्रिंट. लेन्सची सफाई पावसाळ्याच्या आधी हवाबंद डबा घेतला असता तर वाचली असती. डबा आणि पुड्या मिळून ४०० रुपये झाले, ते घरखर्चात गेले, इथे धरले नाहीत.

कास आता संपलं. कालच नाल्यावर गेलो होतो, तुरे उडून गेलेत, काड्या उभ्या आहेत. कासासाठी पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आधीच सुरुवात करावी लागेल.

५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा. त्या संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या सुमारासच पूर्वेला चंद्र येईल, म्हणजे कोजागरीच्या संध्याकाळचं राहिलेलं चित्र तेव्हा घेता येईल. सूर्यास्त पावणेसहाला. मंडळातल्या ज्यांना यायचं आहे त्यांनी पाचला वसाहतीच्या फाटकाशी भेटावं. ट्रायपॉड, डोक्याला लावायचा दिवा आणि खाली अंथरायला प्लॅस्टिक आणावं. कपडे गडद रंगाचे घालावेत, पांढऱ्या शर्टांनी काठावरचे पक्षी उठतात.